थारमध्ये लिथियम बॅटरी: बोनेटखाली नको, सीटमागे हवी

निफाडच्या एका द्राक्षबागायतदारांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे चार वर्षांची डिझेल थार आहे. पुढे ९,५०० पौंडांची विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), मागे ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, वर एलईडी बार. अधूनमधून भंडारदरा-घाटघर किंवा सुरगाण्याकडे मुक्काम असतो, आणि यंदा खरड छाटणी उरकली की मेमध्ये स्पितीला जायचा बेत आहे. एका मुक्कामी फ्रिजने रात्रीत बॅटरी बसवली आणि सकाळी गाडी धक्का मारून सुरू करावी लागली. दुकानदाराचा सल्ला असा: मूळ बॅटरी काढा, तिच्या जागी १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम टाका, वजन निम्म्याहून कमी होईल आणि दहा वर्षं बघायला नको. हे करावं का?

असं करू नका. बोनेटखालची लेड अ‍ॅसिड बॅटरी आहे तिथेच राहू द्या. तिचं काम सेल्फ मारणं आणि विंच ओढणं, आणि त्या कामाला ती आजही चांगली आहे. लिथियम जरूर घ्या, पण दुसरी बॅटरी म्हणून, गाडीच्या आत, मागच्या सीटजवळ. मधे डीसी-डीसी चार्जर लावा, म्हणजे पुढच्या बॅटरीकडून वीज घेऊन दुसरी बॅटरी भरणारा डबा. फ्रिज, दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप, सगळं त्या दुसऱ्या बॅटरीवर टाका. रात्री फ्रिजने ती पूर्ण रिकामी केली तरी सकाळी इंजिन पहिल्या सेल्फला उठलं पाहिजे. जंगलात, एकट्या गाडीत, घरची माणसं सोबत असताना याहून महत्त्वाचं काही नाही.

बोनेटखाली का नको, याचं पहिलं कारण उष्णता. घाट चढून आल्यावर इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, वारा थांबतो आणि बोनेटखालचं तापमान आणखी वर जातं. तिथे ७०-८० अंश सहज होतात. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलला ४५ च्या वर सतत राहणं मानवत नाही, आयुष्य झपाट्याने घटतं. बहुतेक बॅटऱ्यांचं बीएमएस, म्हणजे आतलं संरक्षक सर्किट, ५५ ते ६० अंशांच्या आसपास चार्जिंग तोडतं. मालेगाव-मनमाड पट्ट्यात मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतात, मग बोनेटखाली त्या सर्किटला दिवसभर तोडाजोडच करावी लागेल.

दुसरं कारण डायनामोचं (अल्टरनेटरचं), आणि ते फार कमी दुकानदार सांगतात. लेड अ‍ॅसिड बॅटरी जसजशी भरत जाते तसतसा तिचा करंट आपोआप कमी होतो. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की रिकामी बॅटरी थेट जोडली तर डायनामो देईल तेवढा करंट ती ओढत राहते, जवळजवळ भरेपर्यंत. डायनामो सतत पूर्ण भाराने चालावा म्हणून बनवलेला नसतो. फोर-लो मध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या सगळ्यात सावकाश गिअरमध्ये), पहिल्या गिअरला, ताशी पाच किलोमीटरने दगडांवरून जाताना इंजिनाचे फेरे कमी, डायनामोच्या पंख्याचे फेरे कमी, आणि करंट मात्र कमाल. वाइंडिंग तिथे जळतं.

तिसरं कारण बीएमएस स्वतः. व्होल्टेज वाढलं, तापमान वाढलं किंवा करंट मर्यादेबाहेर गेला की ते बॅटरी क्षणात सर्किटमधून काढून टाकतं. सेल वाचवायला ते योग्यच आहे. पण डायनामो ऐंशी अँपिअर देत असताना समोरची बॅटरी अचानक नाहीशी झाली तर त्याचं चुंबकीय क्षेत्र लगेच शून्य होत नाही. व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं. डायनामोचे डायोड जातात, आणि नशीब वाईट असेल तर ईसीयूही, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. गाडीत दुसरी बॅटरीच नसेल तर तो झटका पचवायला काहीच उरत नाही. सेल्फसाठी म्हणूनच बनवलेल्या लिथियम बॅटऱ्या बाजारात आहेत, त्यांचं बीएमएस दणकट असतं. वजनाचा एकेक किलो मोजणाऱ्या रॅली गाडीला त्या शोभतात. कुटुंब घेऊन फिरणाऱ्या थारला त्यांची गरज नाही.

आता विंच. ९,५०० पौंडांची विंच रिकामी फिरताना साठ-सत्तर अँपिअर घेते, पण गाडी चिखलात पोटापर्यंत रुतलेली असताना पूर्ण भारावर ४०० च्या वर जाते. १०० एएचच्या सर्वसाधारण लिथियम बॅटरीचं बीएमएस सतत १०० अँपिअरचं असतं. क्षणभर दुप्पट चालवून घेतं, मग तोडतं. म्हणजे दोरावर पूर्ण ताण असताना, गाडी उतारावर अर्धवट लटकलेली असताना विंच मरणार. लेड अ‍ॅसिड हा मारा काही सेकंदांच्या हप्त्यांत सहन करते. म्हणून विंच मूळ बॅटरीवरच, इंजिन चालू ठेवून, फेरे जरा वाढवून, आणि ओढ थोडी-थोडी. तुमची आताची बॅटरी चार वर्षांची असेल तर ती तशीही बदलायला आली आहे. बदलताना एजीएम प्रकारची घ्या. तिच्यात अ‍ॅसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, त्यामुळे गाडी तिरकी झाली तरी सांडत नाही आणि हादरे जास्त सोसते. फक्त ती तुमच्या बॅटरी ट्रेमध्ये बसते का, आणि गाडीच्या चार्जिंग व्होल्टेजला चालते का, एवढं विचारून घ्या.

तर दुसरी बॅटरी. मागायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, दुसरी कुठलीही नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने हे रसायन जगापुढे मांडलं. त्याच गुडइनफना लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांसोबत विभागून मिळालं. या रसायनात ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो, सेल तापला तरी सहज सुटत नाही. मोबाइल आणि बऱ्याच ई-स्कूटरमध्ये निकेल किंवा कोबाल्टवाले सेल असतात, ते पेट घेण्याच्या बाबतीत कितीतरी हळवे. शिवाय साधं गणितही बघा. फॉस्फेटचा एक सेल ३.२ व्होल्टचा, चार जोडले की १२.८, पूर्ण भरल्यावर १४.६. गाडीच्या १२ व्होल्टच्या सामानाला हे चपखल बसतं. निकेलवाले तीन सेल जोडले तर पूर्ण भरून १२.६ होतात, चार जोडले तर १६.८. एक अपुरं, दुसरं जास्त. ई-रिक्षा किंवा स्कूटरच्या जुन्या पॅकमधून काढलेल्या सेलची स्वस्त बॅटरी कोणी देऊ केली तर हात लावू नका.

१०० एएच फॉस्फेट बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-तास. त्यातले ८० टक्के निर्धास्त वापरता येतात, म्हणजे हजारभर. वजन ११ ते १३ किलो. तेवढ्याच एएचची लेड अ‍ॅसिड २८-३० किलोची, आणि निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य पटापट घटतं, म्हणजे हाती येतात ६०० वॅट-तास. तुमचा फ्रिज उन्हाळ्यात सरासरी दोन अँपिअर धरा, रात्रंदिवसाचे ४५-५० एएच. दिवे, मोबाइल, कॅमेरा मिळून आणखी दहा. इंजिन न लावता एक दिवस आणि वर एक रात्र निघते. नाशिकहून घोटीमार्गे भंडारदऱ्यापर्यंत दोन तास गाडी चालली आणि ३० अँपिअरचा चार्जर असेल तर ६० एएच परत जातात, म्हणजे सगळा खर्च भरून निघाला. लेड अ‍ॅसिडचे शेवटचे वीस टक्के भरायलाच कित्येक तास लागतात. दोन तासांच्या प्रवासात ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेली राहून तिच्या पट्ट्यांवर सल्फेट जमत जातं. मुक्कामाला जाणाऱ्या गाड्यांमधल्या लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या बहुतेक अशाच मरतात.

किती वेळा भरून-उतरवता येते, हा आकडा विक्रेते सगळ्यात आधी सांगतात: फॉस्फेट दोन-तीन हजार वेळा, लेड अ‍ॅसिड तीनशे ते पाचशे. आकडा खरा आहे, पण तुमच्यासाठी फारसा कामाचा नाही. वर्षातून वीस-पंचवीस रात्री बाहेर राहणाऱ्याचे हजार वेळाही कधी होणार नाहीत. त्याची बॅटरी वापराने संपत नाही, वयाने आणि उन्हाने संपते. लिथियमसाठी तुम्ही जे पैसे देताय ते वजनासाठी, झटपट भरण्यासाठी आणि शेवटपर्यंत जवळजवळ सारख्या राहणाऱ्या व्होल्टेजसाठी. लेड अ‍ॅसिड उतरत आली की जाड वायर असूनही फ्रिज कमी व्होल्टेजला कट होतो. लिथियमवर तो पहाटेपर्यंत चालतो. एवढ्यासाठी दोन-तीन पट किंमत पटत असेल तर घ्या.

आता त्या मधल्या चार्जरबद्दल, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे. बरेच वायरमन तिथे साधा स्प्लिट चार्ज रिले सुचवतात. व्होल्टेज वाढलं की दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, १२.८ च्या खाली आलं की तोडायच्या. दोन्ही लेड अ‍ॅसिड असतील तर हा रिले उत्तम. पण भरलेली फॉस्फेट बॅटरी नुसती बसूनही १३.३ दाखवते. रिलेला वाटतं इंजिन चालू आहे, तो सुटतच नाही. दोन्ही बॅटऱ्या रात्रभर जोडलेल्या राहतात आणि लिथियम पुढच्या बॅटरीला पाजत बसते. डीसी-डीसी चार्जर हे सगळं मिटवतो. तो डायनामोकडून ठरलेलाच करंट घेतो, आपलं १४.२ ते १४.६ व्होल्ट स्वतः तयार करतो, आणि लिथियमचं बीएमएस तुटलं तरी झटका डायनामोपर्यंत पोचत नाही, कारण पुढची लेड अ‍ॅसिड जागेवर असते.

बीएस-६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत डायनामो ईसीयूच्या ताब्यात असतो. डिझेल वाचवायला तो व्होल्टेज मधेच साडेबारापर्यंत खाली आणतो. म्हणून चार्जर घेताना त्याला इग्निशनची वेगळी वायर देता येते का, हे बघून घ्या. नुसतं व्होल्टेज पाहून चालू-बंद होणारा चार्जर अशा गाडीत अर्धा वेळ झोपलेला सापडतो. आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल तर चार्जरची निगेटिव्ह त्या टर्मिनलवर घेऊ नका, बॉडी अर्थिंगच्या बाजूने घ्या. सेन्सरला वळसा घातला तर ईसीयूचा बॅटरीचा हिशेब चुकतो.

वायर. बोनेटपासून मागच्या सीटपर्यंत पाच मीटर धरा, जाऊन-येऊन दहा. ३० अँपिअरला ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत जवळपास ०.९ व्होल्ट गळतात, १६ स्क्वेअरमध्ये ०.३३. सोळाच घाला, आणि तांब्याचीच. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर कार ऑडिओच्या दुकानांत सर्रास मिळते, ती इथे चालणार नाही. वायरीच्या टोकाची थिंबल पक्कडीने दाबलेली नको. नाशिक स्विचगिअरचं गाव आहे. अंबड-सातपूरला पॅनल बनवणारी कितीतरी छोटी युनिट्स आहेत, त्यांच्याकडे हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं यंत्र असतं. माप दिलं की ते केबल दोन्ही टोकांना थिंबल दाबून, स्लीव्ह चढवून देतात. गाडीला लागणारं हे सगळ्यात मोलाचं काम आहे.

फ्यूज दोन्ही टोकांना, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. मधे कुठे वायर घासून बॉडीला टेकली तर दोन्ही बाजूंनी करंट येणार. फ्यूज टर्मिनलपासून वीतभराच्या आत. लिथियमच्या टोकाला काचेचा किंवा स्वस्त पत्री फ्यूज नको. शॉर्ट झाल्यावर या बॅटरीतून हजारो अँपिअर येऊ शकतात आणि साधा फ्यूज वितळल्यावरही आत विजेची ठिणगी (आर्क) धरून राहतो. क्लास टी किंवा बॅटरी टर्मिनलवरच बसणारा एमआरबीएफ मागा. ‘बीएमएस आहे ना, मग फ्यूज कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. बीएमएसमध्ये मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, आणि मॉस्फेट जळताना अनेकदा बंद होण्याऐवजी जोडलेल्या अवस्थेतच जळतो. तेव्हा गाडीला वाचवायला फ्यूजच उरतो. वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून) जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि पूर्ण लांबीवर नालीदार कॉन्ड्युट. कंपनीची मूळ हार्नेस कुठेही कापू नका, वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो. काम झालं की विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा.

बॅटरी बसवताना खाली पत्र्याची ट्रे, गाडीच्या मजबूत भागाला नट-बोल्टने आवळलेली, वर पट्टा. गाडी उलटली तरी १२ किलोचा ठोकळा सुटून माणसांवर येता कामा नये, हे लक्षात ठेवून बांधा. टर्मिनलवर केबलचं ओझं किंवा ताण नको, केबल अर्ध्या फुटाच्या आत ट्रेलाच क्लिप करा. आतले चौकोनी सेल बसबारने, म्हणजे धातूच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. पेठ-हरसूलकडच्या खडकाळ रस्त्यांवर सतत हादरे बसले की सैल बांधणीच्या पॅकमध्ये ते जोड आधी तडकतात. विकत घेताना बॅटरी उचलून कानाशी जोरात हलवा. आत काहीही खुळखुळलं तर परत करा. आणि फ्लोअरवर अगदी तळाला बसवू नका. इगतपुरीकडे जुलैत ओढा पार करताना दारातून पाणी आत येतं, पाच-सहा इंच उंची ठेवा.

स्पितीसाठी एकच गोष्ट, पण ती विसरू नका. फॉस्फेट सेल शून्याखालीही करंट देतात, पण शून्याखाली चार्ज करायचे नसतात. थंडीत लिथियम ग्राफाइटच्या आत शिरू शकत नाही, वरच धातूचा थर बनून बसतं. ते नुकसान परत भरून येत नाही. निफाडला पारा पाच-सहावर उतरतो आणि तुम्ही बागेत शेकोट्या पेटवता, तेव्हाही बॅटरी सुरक्षित असते. साडेतीन हजार मीटरच्या वर असलेल्या स्पितीतल्या काझाला मात्र मेमध्येही पहाटे शून्याच्या आसपास असतं. सकाळी तुम्ही चावी फिरवली की डीसी-डीसी लगेच ३० अँपिअर ढकलायला लागतो. त्यामुळे बीएमएसमध्ये कमी तापमानाला चार्जिंग तोडणारं संरक्षण आहे का, हे डेटाशीटवर लेखी बघा. दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका. चार्जरच्या इग्निशन वायरमध्ये डॅशबोर्डवर एक स्विच टाका. केबिन हीटरने गाडी आतून अर्धा तास गरम झाली की मग स्विच चालू. बॅटरी गाडीच्या आत असण्याचा इथेही फायदा.

खरेदी करताना वजन करा. फॉस्फेट सेलमध्ये किलोमागे १५०-१७० वॅट-तास मावतात, म्हणजे १०० एएचला नुसते सेलच आठ किलोच्या आसपास. पेटी, बसबार, बीएमएस धरून बॅटरी नऊ किलोच्या खाली भरली तर लेबल खोटं. मग क्षमता तपासा. बॅटरी पूर्ण भरून तिच्यावर हेडलाइटचे दोन एच-४ बल्ब लावा, मोकळ्या हवेत, प्लास्टिकपासून दूर. डीसी क्लॅम्प मीटरने करंट मोजा, दहाच्या आसपास येईल. बीएमएस कट करेपर्यंत किती तास चालले ते लिहा. करंट गुणिले तास ९५ च्या वर आलं तर माल खरा. रविवार जातो, पण वॉरंटी सुरू असतानाच हे करून घ्या.

वापरताना व्होल्टमीटरवर भरवसा ठेवू नका. लेड अ‍ॅसिड १२.७ ला पूर्ण, १२.१ ला निम्मी, हे गणित इथे चालत नाही. फॉस्फेट नव्वद टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत तेराच्या आसपासच रेंगाळते. निगेटिव्हवर शंट लावून आत-बाहेर जाणारे एएच मोजणारा मॉनिटर घ्या. बीएमएसला ब्लूटूथ असेल तर त्याचं अ‍ॅपही चालेल. बॅटरी पार उतरून टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसले तर घाबरू नका. ते बीएमएसने तोडलेलं असतं, लिथियम मोड असलेला चार्जर लावला की जागं होतं.

द्राक्षाच्या हंगामात तुमची थार दोन-तीन महिने कुठे जाणार नाही. त्या काळात लिथियम पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा आणि सगळं सामान त्यावरून काढा. पूर्ण भरून उन्हात उभी ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. पुढची लेड अ‍ॅसिड याच्या अगदी उलट, ती नेहमी पूर्ण भरलेली हवी. तिच्यासाठी आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास गाडी फिरवून आणा.

तुम्हाला फ्रिज नको असता, एका रात्रीपुरते दिवे आणि मोबाइल एवढंच असतं, तर मी यातलं काहीच सुचवलं नसतं. तेव्हा चांगली एजीएम आणि एक पोर्टेबल पॉवर स्टेशन पुरतं.

काही मागवण्याआधी तीन आकडे काढून ठेवा. इंजिन थंड असताना, आयडलिंगला, पुढच्या बॅटरीवरचं व्होल्टेज. मग अर्धा तास गाडी चालवून, एसी आणि हेडलाइट लावून तेच व्होल्टेज. आणि डायनामोवरच्या पट्टीवर लिहिलेले अँपिअर. डायनामो ९० अँपिअरचा असेल आणि एसी-लाइट मिळून गाडीच पन्नास खात असेल, तर ३० चा नव्हे, २० चा चार्जर घ्या. भंडारदऱ्याला पोचेपर्यंत ४० एएच भरतील, आणि फोर-लोच्या कामातही डायनामोवर ताण येणार नाही.